मांजराची सात घरं : परभणीच्या थंडीचा एक घरगुती इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी आम्हाला विचारलं, मांजराला कसला आलाय इतिहास? लढाया, सनावळ्या, राजवटी सोडून हे काय काढलंत? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आजच्या तासाभरात द्यायचा प्रयत्न करू.

सुरुवात थंडीपासून करू. परभणी म्हटलं की बाहेरच्या माणसाला ऊन आठवतं. मे महिन्यात ४४-४५ अंशांचा तो भाजून काढणारा उन्हाळा. पण ह्याच परभणीचं नाव डिसेंबर-जानेवारीत राज्यातल्या सगळ्यात गार ठिकाणांच्या यादीत वरती असतं. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस इथल्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा ३ अंशांच्या आसपास उतरला होता. डिसेंबर २०२४ मध्येही तो ५ अंशांच्या खाली गेला. कारण साधं आहे. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब आभाळात सोडून देते, तिला अडवायला ढग नसतात. त्यात उत्तरेकडून गार वारं आलं की संपलंच. विद्यापीठाचा परिसर मोकळ्या शेतांचा, म्हणून तिथला आकडा शहरातल्या गल्लीपेक्षा थोडा खालीच असतो.

असा पारा उतरला की आपण चर्चा कशाची करतो? हरभऱ्याची, गव्हाची, केळीच्या बागेची, म्हाताऱ्या माणसांच्या दम्याची. ती केलीच पाहिजे. पण त्याच रात्री ओट्यावर, पत्र्यावर, मोटारसायकलच्या सीटवर एक चार किलोचा जीव अंगाची गुंडाळी करून बसलेला असतो. तो इतकी शतकं इथल्या थंडीत कसा टिकला? आणि आज त्याला टिकायला जड का जातंय? हा प्रश्न नीट विचारला की आपल्या घराचा, चुलीचा, पिकांचा इतिहास हाताशी लागतो. म्हणून हा विषय.

आधी ह्या प्राण्याची ओळख करून घेऊ. आपलं घरगुती मांजर हे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या रानमांजराचं वंशज आहे. कोरड्या, उष्ण मुलखातला प्राणी. माणसानं शेती सुरू केली, धान्य साठवलं, धान्यावर उंदीर आले आणि उंदरांमागोमाग मांजर आलं. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं, माणसाशेजारी मांजर पुरलेलं. २००४ मध्ये ते जगापुढे आलं. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती, म्हणजे माणसानंच होडीतून नेलेली. तेव्हा धान्य आणि मांजर ही जोडी फार जुनी.

ह्या कोरड्या मुलखाच्या वारशाचा थंडीशी संबंध आहे. मांजराच्या अंगाचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश. आणि अंगातली जास्तीची शक्ती न खर्चता त्याला आरामात राहता येतं ते ३० अंशांच्या वरच्या हवेत. आपल्याला पंखा लावावासा वाटतो तिथं त्याला बरं वाटतं. उन्हाच्या कवडशात ते लोळतं, तापलेल्या भिंतीला पाठ लावतं, त्यात लाड नाहीत, शरीराचा हिशेब आहे. आता ३० आणि ५ यांच्यातलं अंतर बघा. तेवढी ऊब त्याला कुठून तरी मिळवावी लागते.

ती मिळत होती घरातून. जुनं मराठवाडी घर डोळ्यांपुढे आणा. दगडमातीच्या दीड-दोन हात जाडीच्या भिंती, वर लाकडी सऱ्या टाकून मातीचं माळवद. ही माती दिवसभर ऊन पिते आणि रात्री सावकाश सोडते. आत ढाळज, पुढे चौक, चौकात कोवळं ऊन. भिंतीत बळद, म्हणजे धान्याचं कोठार. कोपऱ्यात कणगी, उतरंड. स्वयंपाकघरात चूल, चुलीला वैल, शेजारी गोवऱ्या आणि पऱ्हाट्या. मागच्या अंगाला गोठा, गोठ्यात जनावरांच्या श्वासाची ऊब. परड्यात कडब्याची गंजी.

ह्यात मांजराची जागा कुठली? सगळीकडे. रात्री जेवणं उरकली की चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवायची पद्धत होती, सकाळी पुन्हा काडी ओढायला नको म्हणून. ती राख पहाटेपर्यंत कोमट राहायची, आणि मांजर चुलीच्या तोंडाशी झोपायचं. सकाळी उठलं की अंगभर राख. आम्ही लहानपणी पाहिलेलं पांढरं मांजर थंडीत नेहमी करडंच असायचं. पिल्लं व्हायची ती बळदाच्या अंधारात, नाहीतर कडब्याच्या गंजीत. गंजीच्या पोटात वारा शिरत नाही आणि वाळलेली ताटं आतली हवा धरून ठेवतात. आज ज्याला आपण इन्सुलेशन म्हणतो, ते.

आपल्याकडे म्हणतात, मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं. आपण ते गमतीनं म्हणतो. पण त्यामागे मांजरीचा शोध असतो. ओल लागली, वारा आला, बोक्याचा वावर वाढला, माणसांची ये-जा वाढली, की ती मानेला धरून एकेक पिल्लू हलवते. नव्या जन्मलेल्या पिल्लाला पहिले दोन-तीन आठवडे स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. आईचं पोट आणि बसायची जागा, एवढाच त्याचा आधार. जुन्या गावात तिला सात ठिकाणं खरोखर सापडायची. चूल, बळद, माळा, गोठा, गंजी, ढाळजेतली वाकळ, शेजारणीची कणगी.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवू. ह्यातलं एकही ठिकाण मांजरासाठी केलेलं नव्हतं. आणि करणार तरी कोण? माणसालाच पांघरूण पुरत नव्हतं. ह्याच गोदाकाठची, पैठणच्या सातवाहनांची म्हणून ओळखली जाणारी गाथासप्तशती घ्या. तीत माघातल्या थंडीत अंगावरचं पांघरूण विकून बैल घेणारा शेतकरी भेटतो, आणि उबेला उपमा येते ती तुसाच्या बिनधुराच्या विस्तवाची. अशा घरात मांजराला वेगळी गोधडी कोण देणार? घराची रचनाच अशी की माणसाची उरलेली ऊब मांजराला मिळत गेली.

पण उबेला धोकाही चिकटलेला असतो, आणि हे आपल्या लोकांना ठाऊक होतं. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तविजयात राका कुंभाराची कथा आहे. पंढरपूरचा राका, त्याची बायको बांका. आव्यात लावायच्या कच्च्या मडक्यात मांजरीनं पिल्लं घातलेली. राकाला ते कळलं नाही. त्यानं आवा रचला आणि पेटवला. मग मांजर कासावीस होऊन आव्याभोवती फिरू लागली, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. नवरा-बायकोनं विठ्ठलाचा धावा केला. आवा उघडला तर पिल्लं जिवंत. ही कथा ज्या संतमेळ्याची, त्यातल्या नामदेवांचं जन्मगाव म्हणून मानलं जाणारं नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा होईपर्यंत ते आपल्या परभणीतच होतं.

ही कथा श्रद्धेची आहे, ती तशीच ऐकावी. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला तीत आणखी काही दिसतं. मांजर कुठं जातं ह्याचं अचूक निरीक्षण तीत आहे. आडोसा, अंधार, वारा न लागणारं भांडं. आणि माणूस कुठं चुकतो तेही आहे. त्याच्या मनात क्रौर्य नव्हतं, पेटवण्याआधी त्यानं आत बघितलं नाही इतकंच. ह्या गोष्टीकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

मांजराला घरात थारा का होता? एक कारण भावनेचं. मांजर मारणं आपल्याकडे मोठं पाप. हातून मेलं तर सोन्याचं मांजर दान करावं, काशी करावी, अशी समजूत घराघरात होती. इथल्या मुसलमान घरांतही मांजराला मान. पैगंबरांचे एक सोबती अबू हुरैरा ह्याच नावानं ओळखले जातात, आणि त्या नावाचा अर्थच मांजरीच्या पिल्लाचा बाप. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाल्याची हदीस सांगितली जाते. म्हणजे परभणीच्या दोन्ही आळ्यांत मांजराला हाकलणं अवघड होतं.

दुसरं कारण कामाचं, आणि ते थंडीशी जोडलेलं आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढं वर्षानुवर्षं देशभर पसरत राहिला. कडक उन्हाळ्यात तो ओसरायचा आणि गार दिवसांत जोर धरायचा. उंदरांवरच्या पिसवांमधून तो माणसात येतो हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्कं झालं. त्याच काळात आपल्या शेजारी वऱ्हाडात, अमरावतीला, लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी गावागावांतली मांजरं मोजली, प्लेगच्या नोंदींशी ताडून पाहिली. त्यांचं म्हणणं असं पडलं की जिथं मांजरं भरपूर, तिथं प्लेग कमी. १९०८ मध्ये त्यांचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला.

आज आपण ह्या निष्कर्षाला जपून हात लावू, कारण मांजरालाही प्लेग होतो आणि ते माणसाला देऊही शकतं. पण ज्या थंडीत लोक गावं सोडून माळावर झोपड्या टाकून राहत होते, त्या थंडीत एक सरकारी डॉक्टर मांजर पाळा म्हणून सांगत होता, ही गोष्ट लहान नाही. मांजर तेव्हा घरातला कामाचा गडी होतं. आणि गड्याला चुलीपाशी जागा असतेच.

आता आपल्या हयातीतला इतिहास. ही सगळी व्यवस्था तीस-पस्तीस वर्षांत मोडली. आणि बरं का, ती मोडायला प्रत्येक वेळी चांगलंच कारण होतं.

पहिलं माळवद. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, आणि त्यांतली कितीतरी त्याच जड दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या ढिगाऱ्याखाली. त्यानंतर मराठवाड्यातल्या माणसाच्या मनात माळवद बसलं ते भीती म्हणून. ज्याला जमलं त्यानं स्लॅब टाकला, ज्याला नाही त्यानं पत्रे. पत्रा हलका, पडला तरी माणूस वाचतो. पण पत्रा उन्हात तापतो आणि सूर्य मावळला की तासाभरात बर्फ होतो. पहाटे त्यावर दव साचून आत थेंब गळतात. ओल आणि गारठा, मांजराला नको असलेल्या दोन्ही गोष्टी एकत्र.

ह्याच धाग्यातली आणखी एक घटना सांगतो. १९९४ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. भूकंपाच्या धास्तीनं लोक घरं सोडून बाहेर राहिले, धान्य आत राहिलं, उंदीर माजले, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं गेलं. घर, धान्य, उंदीर आणि माणूस ही साखळी किती जवळची आहे, ते त्यातून दिसतं.

दुसरी गंजी. परभणी हा ज्वारीचा मुलूख. इथल्या विद्यापीठानं काढलेल्या रब्बी ज्वारीच्या वाणांची नावंच परभणी मोती, परभणी ज्योती. ज्वारी म्हणजे दाणा आणि कडबा, दोन्ही. पण सोयाबीन आलं, चार महिन्यांत निघालं, रोख पैसा हातात आला. शेतकऱ्यानं ते का पेरू नये? सोयाबीनची गंजी मात्र रास होईपर्यंतच टिकते. मागे राहतं ते भुसकट. आणि सोयाबीन घरात साठवत नाही कोणी वर्षभर खायला, ते मोंढ्यावर जातं. म्हणजे बळद गेलं, कणगी गेली, गंजी गेली, बैल गेले तसा गोठाही गेला. घरात उंदीर आहेत, पण त्यांच्यासाठी आता औषधाची वडी मिळते. मांजराचं काम गेलं.

तिसरी चूल. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, त्याआधीपासूनच शहरात गॅस होता. चुलीच्या धुरानं आपल्या आया-बहिणींचे डोळे आणि फुप्फुसं गेली, ती चूल गेली ह्याचं दुःख करायला आम्ही इथं उभे नाही. पण गॅसची शेगडी बंद केली की पाच मिनिटांत गार. तिला राख नाही. रात्रभर धग धरणारं असं घरात आता काहीच नाही.

म्हणजे हिशेब काय झाला? सात घरांपैकी एकेक घर बंद होत गेलं. कुणी ठरवून केलं नाही, कुणाचा दोष नाही. मांजराला ऊब द्यायची असं कुणी ठरवलं नव्हतं, आणि काढून घ्यायची असंही कुणी ठरवलं नाही. जे आपोआप मिळत होतं ते आपोआप गेलं. म्हणून जे पूर्वी घर करत होतं ते आता माणसाला जाणूनबुजून करावं लागणार. आमचा आजचा मुद्दा एवढाच आहे.

आणि मांजर तर शोध सोडत नाही. चूल नाही म्हणून ते नुकत्याच येऊन उभ्या राहिलेल्या गाडीच्या बोनेटखाली शिरतं. इंजिन कोमट असतं, अंधार असतो, वारा नसतो. अगदी राकाच्या मडक्यासारखं. सकाळी आपण घाईत चावी फिरवतो. पंखा, पट्टा फिरतो, आणि मग जे होतं ते सांगवत नाही. राकाचा आवा आजही पेटतो आहे, फक्त तो सकाळी आठला ऑफिसला निघताना पेटतो. तेव्हा थंडीत गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर दोन थापा मारा, हॉर्न द्या, चाकांवर नजर टाका. दुचाकी असेल तर खाली वाकून बघा. दहा सेकंदांचं काम आहे.

आता बाकीचं भराभर सांगतो, कारण अनेकांनी हेच विचारलेलं आहे.

जागा. एक पुठ्ठ्याचं खोकं घ्या, आडवं ठेवा, तोंड लहान करा आणि वाऱ्याच्या उलट बाजूला करा. जमिनीपासून विटांवर किंवा पाटावर उचला, कारण गारवा फरशीतून जास्त चढतो. घरात असेल तर आत जुनी वाकळ चालेल. बाहेर असेल तर कापडापेक्षा वाळलेलं गवत किंवा कडब्याची कोरडी पानं बरी. कापड दव धरतं, गवत कोरडं राहतं. म्हणजे छोटीशी गंजीच करायची. खोकं लहानच असू द्या, त्याच्याच अंगाच्या उबेनं ते तापलं पाहिजे.

शेकोटी आणि शेगडी. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिचा विषारी वायू माणसाला मारतो तसा मांजरालाही. हीटर, पाण्यात सोडलेली कॉइल, ह्यांच्याजवळ एकटं सोडू नका. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून दिली तर ती पुरते. दिवाण, पेटीपलंग, गाद्यांचं कपाट बंद करण्याआधी आत हात फिरवा.

औषधं. हे नीट ऐका. मांजर शिंकतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. माणसाची ती साधी गोळी मांजराला विष आहे, एका गोळीनंही ते मरू शकतं. त्याच्या यकृताला ती पचवता येत नाही. बाम, कापूर, निलगिरीचं तेल लावू नका, ते अंग चाटतं आणि सगळं पोटात जातं. ट्रंकेतून काढलेल्या लोकरीच्या कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्याही तशाच घातक. पिल्लू गार पडलेलं सापडलं तर आधी दूध पाजायची घाई करू नका. आधी छातीशी धरून, फडक्यात गुंडाळून सावकाश ऊब द्या. गार पिल्लाला पचत नाही, दूध श्वासनलिकेत जाण्याचीही भीती असते. कान गार, अंग ढिलं, खाणं बंद, तोंडानं श्वास, ह्यांतलं काही दिसलं तर पशुवैद्याकडे. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे आपण त्या बाबतीत अनेक जिल्ह्यांपेक्षा नशीबवान.

आणि खाणं. थंडीत त्याला थोडं जास्त लागतं. म्हाताऱ्या मांजराचे सांधे धरतात, त्याला उंच उडी मारायला लावू नका, ताटली खालीच ठेवा. दुपारचं ऊन मिळेल अशी एक खिडकी उघडी ठेवा. कोवळं ऊन हे आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यात स्वस्त औषध.

समारोप करतो. सुरुवातीला विचारलं होतं, मांजराला कसला इतिहास? आपल्या घराचाच. माळवद कधी गेलं, गंजी का गेली, चूल का विझली, हे मांजराच्या झोपायच्या जागेवरून सांगता येतं. जुनं घर परत आणा असं आम्ही म्हणत नाही. त्या घरानं माणसं मारलीही आहेत. पण त्या घरात एक कोपरा होता, जो कुणी न देता मांजराला मिळत होता. आज तो द्यावा लागेल. एक खोकं, थोडं गवत, बोनेटवर दोन थापा. सात घरं फिरणाऱ्या मांजरीला त्यातलं एक घर आपलं असू द्या.